पिंगोऱ्याची माणसे शेजारी मोजतो

पिंगोऱ्यात कोणत्याही दारावर जा आणि घरात माणसे किती, असे विचारा. घरधनी सांगणार नाही. तो शेजारच्या दाराकडे बोट करील. शेजारी बाहेर येईल, आणि त्या घरातली माणसे तो सांगेल. शिरगणतीला येणारे मास्तर यावर चिडतात. एकाने आम्हाला कायदा वाचून दाखवला. आम्ही पूर्ण ऐकून घेतला, त्यांना चहा दिला आणि शेजाऱ्याला हाक मारली.

तुम्ही घर बघायला आला आहात, म्हणून सांगतो. आता इथे नगरपरिषद आहे. जोंधळ्याच्या वावरांत सात-सात मजले उभे राहिले. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या एकवीस हजार लिहिली आहे. ती कोणी कोणाला विचारून लिहिली, मला माहीत नाही. मी ती धरत नाही. पूर्वी इथे घरे सव्वीस होती. ही हकिकत त्या सव्वीस घरांची आहे. चुलत्याकडून ऐकली तशी सांगतो. भर घालायची मला सवय नाही.

त्या काळी वरच्या घाटात जहागीरदाराने तलावाचा बांध घातला होता, असे सांगतात. बांध टिकत नव्हता. दर पावसाळ्यात माती जाई, मातीबरोबर माणसे जात. मग वेठीला नवी माणसे लागत. हुकूम असा निघाला की, ज्या घरात पाच किंवा जास्त माणसे, त्या घराने एक धडधाकट माणूस द्यावा. जो माणूस लपवील त्याचे घर पाडावे. वर गेलेला माणूस परत आल्याचे कोणी पाहिले नव्हते.

हुकूम कळला आणि गाव बदलले. जो तो आपली माणसे झाकू लागला आणि दुसऱ्याची मोजू लागला. कोणाच्या चुलीवर भाकरी किती झाल्या, कोणाच्या उंबऱ्याशी वहाणा किती, यावर नजर. सर्वांत जास्त संशय ठकू परटिणीवर होता. ती दोनच वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बाहेरून येऊन राहिली होती. गावाचे कपडे ती धुई, त्यामुळे कोणत्या घरात किती अंगे आहेत हे तिला पाठ होते. "ती धुणं नाही नेत, शिरगणती नेते," असे बायका म्हणत. गावाने तिला कपडे देणे बंद केले. आठ दिवस सगळे गाव मळक्या कपड्यांत हिंडले म्हणे.

ठकूच्या शेजारी हैबती काळोखे राहत होता. घरात तो, बायको, आई, लहान मुलगी आणि सुभाना हा थोरला मुलगा. म्हणजे पाच. मोजणीच्या दिवशी पहाटे हैबतीने सुभानाला अंगणातल्या पेवात उतरवले. पेव म्हणजे धान्य साठवायचे जमिनीखालचे कोठार. तोंड एका माणसापुरते. त्यावर शिळा ठेवून हैबतीने ती मातीने लिंपली. मोजणी दोन घटकांत आटोपेल, असा त्याचा हिशेब होता.

कारकून शिपाई घेऊन आला. त्याने सगळ्या गावाला वेशीबाहेरच्या माळावर बसवले, मागे एकेक शिपाई उभा केला आणि घरवार विचारायला सुरुवात केली. पहिला म्हणाला चार. दुसरा म्हणाला चार. हैबती म्हणाला चार. सव्वीस घरे झाली. ठकू आणि तिचा नवरा या दोघांचे एक घर सोडले तर सगळीकडे चारच.

"काय रे," कारकून म्हणाला, "तुमच्या गावात घरात पाचवं माणूस आलं की पहिलं मरतं का?"

"गावची हवाच तशी आहे, सरकार," मागून एक म्हातारा म्हणाला.

"मग मीही हवा खातो," असे म्हणून कारकून झाडाखाली पथारी टाकून बसला. एक तरी खरा आकडा मिळेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, पाण्यालाही नाही.

दुपार झाली. हैबती उन्हाकडे बघे, मग आपल्या घराकडे. बंद पेवातली हवा कशी असते हे गावात पोरालाही ठाऊक होते. त्याने तोंड उघडले तर मुलगा बांधावर जाणार आणि घर पडणार. एक आकडा खोटा निघाला की बाकीचे चोवीसही उघडे पडणार. तोंड मिटले तर मुलगा आत संपणार. त्याची बायको माळावर बसल्या जागी माती उकरत होती, बोटांतून रक्त आले तरी उकरत होती.

ते ठकूने पाहिले. पेव रिकामे असण्याच्या दिवसांत त्याच्या तोंडावर ओली माती तिने सकाळीच पाहिली होती. ती उठून उभी राहिली.

"हैबतीदादाच्या घरात पाच माणसं आहेत. पाचवं पेवात आहे. आधी काढा त्याला."

"आली जातीवर!" "आम्ही म्हणतच होतो!" सगळा माळ ओरडला. कोणी ढेकूळ मारले, ते तिच्या कपाळाला लागले. हैबती मात्र धावत सुटला. शिपायांनी त्याला अडवले नाही.

सुभानाला वर काढले तेव्हा त्याचे ओठ काळे पडले होते. बऱ्याच वेळाने त्याने श्वास घेतला. पाय मात्र पुढे कधी धड चालले नाहीत.

कारकुनाने ठकूला विचारले, "आणि बाकीच्या घरांत?"

तिने कपाळाचे रक्त पुसले. "बाकीच्यांत चारच. कपडे मी धुते, सरकार. माझ्याहून जास्त कोणाला माहीत?"

कारकुनाने टाक शाईत बुडवला. मग त्याने तसेच लिहून घेतले. त्याला एक माणूस आणि पाडायला एक घर मिळाले होते. तेवढ्यावर त्याचे काम भागत होते, असे काही म्हणतात. ठकूचे आणि त्याचे आधीच ठरले होते, असेही म्हणणारे आहेत. सव्वीसांपैकी काही घरांत अजून तसेच सांगतात. आमच्या घरात सांगत नाहीत. आम्ही काळोखे.

मुलगा उभा राहू शकत नव्हता, म्हणून हैबती स्वतः निघाला. जाताना त्याने गावासमोर ठकूच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगितले, "माझ्या घरची माणसं यापुढं माझं घर सांगणार नाही. ही बाई सांगंल. ही म्हणंल तेवढी खरी." तो परत आला नाही. घर पाडले. त्याची आई, बायको आणि मुले ठकूच्या घरात राहिली. पुढच्या वर्षी मोजणी आली तेव्हा त्यांची माणसे ठकूने सांगितली, आणि हळूहळू बाकीच्या घरांनीही तेच धरले.

आजही तसेच चालते. नव्या इमारतीत कोणी राहायला आले की आठवड्याच्या आत शेजारी दारात येऊन माणसे बघून जातो. नवे लोक वाईट मानतात. परवा तिसऱ्या मजल्यावरची एक बाई माझ्याशी भांडली. "आमच्या घरात किती माणसं, तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणालो, "आम्हाला काही करायचं नाही. पण सांगायची पाळी आमच्यावर येते." तिने दोघेच, असे सांगून दार लावले.

आत एक म्हातारी आहे. ती बाहेर येत नाही, पण भिंतीतून खोकला ऐकू येतो. मास्तर येतील तेव्हा शेजारीण तीन सांगणार आहे.