गड चढण्याचं वय

वाईच्या धावपटू मंडळात यंदा पन्नाशी ओलांडलेल्या शालनताई जगदाळे गुणांत सर्वांत पुढे होत्या. अजिंक्यपद ठरवणारी गडाची शर्यत तेवढी उरली होती. पण अध्यक्ष आबासाहेबांना चषक आपल्या सुनेसाठी हवा होता. भर सभेत ते म्हणाले, “पन्नाशीनंतर गड चढणं छातीला झेपत नाही. ताई, यंदा तुम्ही धावायचं नाही.”

शालनताई उठल्या. “आबासाहेब, तुमची तर साठी उलटली. तरी दर रविवारी एका दमात गड चढतो, असं गावभर सांगता. मग तुमचा नियम खोटा, की तुमचं सांगणं?”

सभेत हशा पिकला. आबासाहेबांनी घाम पुसला. “नियमच मागे घेतो,” ते पुटपुटले.

शर्यत शालनताईंनीच मारली. दुसरी आलेली सून धापा टाकत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली.