कासवाला विचारलेला प्रश्न

फार जुनी गोष्ट. राजा कोण, राज्य कुठलं, ते विचारू नका. मलाही कुणी सांगितलं नाही. डोंगराच्या कुशीत एक तळं होतं, त्याच्या पाण्यावर एक गाव जगत होतं आणि तळ्यात एक कासव होतं. वय म्हणाल तर हजार वर्षं. वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला, गावानं त्याला एकच प्रश्न विचारायचा आणि कासवानं विचारलं तेवढंच सांगायचं, अशी रीत होती.

त्या साली पाणी घाटाच्या शेवटच्या पायरीखाली गेलं. पाऊस वर्षागणिक आटत चालला होता. चुन्याच्या भट्ट्यांसाठी रान तोडून तोडून डोंगराला टक्कल पडलं होतं. तळ्याकाठची कोळीण म्हणाली, आधी भट्ट्या विझवा. तिची चूल तळ्यातल्या मासळीवर पेटायची, तिला घोर लागलेला. पण भट्ट्या पाटलाच्या. त्यानं पुढे होऊन विचारलं, "तळं यापूर्वी कधी आटलं होतं का?"

"आटलं होतं," कासव म्हणालं.

झालं! गावाचा जीव भांड्यात पडला. आजे-पणजे तगले, मग आपल्याला काय धाड भरतेय, असं म्हणत लोक घरी गेले आणि भट्ट्या दुपटीनं पेटल्या. इतक्या स्वस्तात दिलासा मिळाला तर कुणाला नको असतो?

पुढच्या वर्षी पाणी गुडघाभर उरलं. विहिरींत नुसता चिखल, गोठ्यांत गुरांचं हंबरणं. पाटील तोंड उघडणार तोच कोळीण तळ्यात उतरली.

"बाबा, तेव्हा आटायला किती काळ लागला होता?"

"नऊ पिढ्या."

कोळीण गावाकडे वळली. "ऐकलंत? तेव्हाच्या लोकांना भात सोडून नाचणी धरायला नऊ पिढ्या मिळाल्या. भट्ट्या पेटल्यापासून आपलं तळं बारा पावसाळ्यांत गेलं. एवढी घाई डोंगराला कधीच नव्हती, पाटील. ही तुमच्या भट्ट्यांची घाई आहे."

पाटलाची मान खाली गेली. त्याच दिवशी भट्ट्या विझवल्या, त्याही माती टाकून, कारण पाणी नव्हतं. उघड्या डोंगरावर रोपं लावली. ती उन्हात करपली.

तिसऱ्या वर्षी अख्खं गाव एकच प्रश्न घेऊन आलं: आता काय करू? तळाची माती भेगाळली होती. मधोमध कासवाचं रिकामं कवच पडलं होतं. गाव मुलाबाळांना घेऊन पाण्याच्या शोधात निघून गेलं.

म्हणून सांगतो, पूर्वीही असं झालं होतं एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. या वेळी किती वेगानं आणि कुणामुळे होतंय, हे वेळेवर विचारावं.