कारवड्याचे मर्गट्रॉइड

हसा, हसून घ्या. पाहुणा आला की आधी हसतोच. वेशीपासून इथवर चालत आलात, दारोदारच्या पाट्या वाचल्यात. महादू मर्गट्रॉइड. यशोदा मर्गट्रॉइड. पिठाची गिरणी, मालक नामदेव मर्गट्रॉइड. मागं एक जण मला म्हणाला, "आजोबा, गावात सिनेमाचं शूटिंग चाललंय का?" म्हटलं, होय बाबा, आणि मी हिरो! तुमच्या मनात काय चाललंय तेही मला कळतं. कुणीतरी गोरा इथं राहिला असेल, कुणा बाईशी लग्न केलं असेल. तर ते डोक्यातून काढून टाका. गोऱ्याच्या रक्ताचा थेंब ह्या गावात नाही. बसा त्या कट्ट्यावर, सावली आहे. उत्तम, पाहुण्यांना पाणी दे रे, आणि चहा टाक.

येताना घाटात काळा कडा लागला ना? रस्ता सरळ येतो आणि कड्यापाशी एकदम मोठा वळसा घालून जातो. ड्रायव्हर लोक त्या वळणाला शिव्या घालतात. पण सगळं तिथूनच सुरू झालं, असं सांगतात.

हा रस्ता गोऱ्या सरकारनं काढला. कामावर मर्गट्रॉइड नावाचा सायब होता. तरणाबांड, अंगानं शिडशिडीत, आणि डोकं कायम तापलेलं. सुरुंग लावायचा तर आधी ढोल वाजवायचा, खालच्या पायवाटेवर माणूस-जनावर नाही ह्याची खात्री करायची, मगच वात पेटवायची, असा रिवाज होता. त्या दिवशी ढोलवाला ढोल घेऊन अजून कडा उतरतच होता, ढोल वाजलाच नव्हता. पावसाळा तोंडावर आलेला, काम मागं पडलेलं. सायबाला म्हणे धीरच धरवेना. त्यानं स्वतःच्या हातानं वात पेटवली.

खालच्या वाटेनं हैबती शेलार म्हशी घेऊन येत होता. बयाबाई शेलारणीचा एकुलता एक मुलगा. नवरा आधीच गेलेला, बाईचं जे काही होतं ते हा पोरगा. लग्न ठरलं होतं त्याचं. दगड बाजूला करून त्याला काढला तेव्हा आईला तोंडसुद्धा बघू दिलं नाही लोकांनी.

मग काय! गाव पेटलं. कोयते, कुऱ्हाडी, हाताला लागेल ते घेऊन माणसं सायबाच्या तंबूवर गेली. सायबाकडं बंदूक होती. घोडा बांधलेला होता, पळायचं तर घाट मोकळा होता. पण त्यानं बंदूक खाटेवर ठेवली, तंबूतून बाहेर आला आणि लोकांच्या मधून चालत बयाबाईच्या अंगणात जाऊन बसला. खाली मातीत बसला. का बसला ते देवाला ठाऊक. हैबतीचा चुलता मागून धावत आला आणि त्यानं कोयता उचलला.

बयाबाई दारात आली. म्हणाली, "थांबा."

चुलता थांबला. तिनं त्या गोऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तूच का रे?" त्याला भाषा येत नव्हती, पण त्यानं मान हलवली.

"ह्याला तोडून माझा हैबती उठून येणार हाय का?" ती म्हणाली. "उद्या माझं पाणी कोण भरंल? मी मेले तर मला अग्नी कोण दील? ह्यानं माझा पोरगा नेला. आता ह्यानंच माझा पोरगा व्हायचं."

चुलत्याच्या हातातला कोयता गळून पडला. तो ओरडला, "बया, डोकं फिरलं का तुझं?" बायका तोंडाला पदर लावून तिच्याकडं बघत राहिल्या.

जाणत्या माणसांनी समजूत घातली. बाई ऐकत नाही तर निदान रीतीनं करा, दत्तक घ्या, त्याला हैबतीचं नाव द्या, शेलार म्हणा. त्यावर बयाबाई अशी उसळली! म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव ह्याला? म्हंजे दोन वर्सांत तुम्ही इसरून जाल, मेला कोण आन् मारला कोणी. न्हाई. ज्या नावानं मारलं त्याच नावानं ह्यानं हितं जगायचं. आजपास्नं माझ्या दाराला तेच नाव." शेलारांचं घर त्या दिवशी मर्गट्रॉइडचं झालं.

म्हणजे तिनं त्याला माफ केलं असं समजू नका हं. तसं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांना काडीची अक्कल नाही. ती त्याला ताट वाढायची आणि पाठ फिरवून बसायची. कित्येक वर्षं एक शब्द बोलली नाही. सायबानं नोकरी सोडली. झऱ्यावरून पाणी आणायचा, म्हशी चारायचा, गोठ्यातलं शेण काढायचा. येणारेजाणारे वाटेत उभे राहून बघायचे. विलायतेतल्या त्याच्या माणसांनी त्याला वेडा ठरवला आणि त्याचं नाव घेणं सोडलं. रस्त्यावर दुसरा सायब आला, पण त्या कड्याला वात लावायला एक मजूर तयार होईना. म्हणून रस्ता वळवला.

बयाबाई जायला टेकली तेव्हा सगळी भावकी पाणी घेऊन उभी होती. तिनं कुणाच्या हातचं घेतलं नाही, तोंड फिरवलं. शेवटी हा पुढं झाला. त्याच्या हातचं पाणी ती प्यायली आणि गेली. दुसऱ्या दिवशी डोकं भादरलेला गोरा, ओलं धोतर, खांद्यावर मडकं, असा स्मशानात गेला. शेजारच्या गावचे लोक ते बघून रस्त्यातच थबकले म्हणे.

पुढं तो त्या घरात एकटाच होता. एकदा घाटाखालून एक म्हातारा आला. त्याच्या पोराच्या अंगावरून कुणाची तरी बैलगाडी जाऊन पोरगा मेला होता. म्हातारा गाडीवानाचा हात धरून ह्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, आम्हाला दोघांना तुझं नाव दे. नाव असं वाढत गेलं. ज्याचं माणूस गेलं तोही मर्गट्रॉइड, ज्याच्या हातनं गेलं तोही मर्गट्रॉइड. पाटीवरून कळत नाही कोण कुठला, आणि इथं कुणी विचारतही नाही.

मागं विलायतेहून एक बाई आली होती, ह्याच आडनावाची. ती म्हणाली, आमच्याकडं आता हे नाव फार थोडं उरलंय, इथं इतके नातेवाईक कसे? तिनं अर्थही सांगितला. मार्गारेट नावाची कुणी बाई होती म्हणे फार जुन्या काळी, तिच्या नावानं ओळखलं जाणारं, झाडझाडोरा तोडून मोकळं केलेलं रान, ते मर्गट्रॉइड. त्या रानात राहणाऱ्यांना ते नाव पडलं. म्हटलं बघा, तिथंही बाईचंच. मग मी तिला ही सगळी हकीकत सांगितली. बाई उठली आणि दारोदारच्या पाट्या पुन्हा एकेक करून वाचत गेली.

चहा घ्या. गोड कमी असेल, तो साखर जपून टाकतो, मला मधुमेह आहे ना.

मी जन्मानं मोरे. माझा मुलगा सुभाष त्याच वळणावर गेला, मोटरसायकलवर होता. समोरून जीप आली, भरधाव, हॉर्न न देता. जीपवाला शिक्षा भोगून सुटला आणि सरळ येऊन आमच्या अंगणात बसला. माझ्या बायकोनं त्याला ताट वाढलं. मी ते ताट लाथेनं उडवलं. तिनं दुसरं वाढलं. वर्षभरानं दारावर पाटी लागली. तिच्या चितेला अग्नी त्यानंच दिला.

अहो, असे बघू नका त्याच्याकडं, लाजतो तो. उत्तम, बस की जरा, पाहुणे खात नाहीत तुला!

लोक विचारतात, नाना, मग मन मोकळं झालं का? नाही झालं. आजही मी त्याला माफ केलेलं नाही, आणि तोही मागत नाही. पण आजही तो घाटातून यायला उशीर झाला, की मी ह्या कट्ट्यावर येऊन बसतो आणि त्याच्या गाडीचा हॉर्न ऐकल्याशिवाय मला घास गिळवत नाही.