नऊ गियरची सायकल

पुन्हा तेच सांगायला लावता, घडीभर निवांत बसू देत नाही कुणी! ऐका मग.

साताऱ्याच्या सायकल मंडळाचा अध्यक्ष दौलतराव कणसे यवतेश्वरच्या घाटासाठी माणसं निवडत होता. माझी सून सारिका आपली हायब्रीड सायकल घेऊन पुढं झाली, तर हा सगळ्यांदेखत हसला.

“वहिनी, माझ्या सायकलला सत्तावीस गियर, तुमच्या नऊ! हे डबडं कुणी गळ्यात मारलं? घाट राहू द्या, घरी जा.”

“मामंजींनी निवडलीय,” सारिका म्हणाली. “भाऊ, दोन्ही सायकली एका रेघेवर लावू, सगळ्यात हलक्या गियरवर टाकू आणि पायडलचा एकच फेरा हातानं मारू. जी कमी सरकेल ती चढाला हलकी. कबूल?”

“कबूल!” कणसे छाती काढून म्हणाला.

सारिकाच्या मागच्या चाकाला ताटलीएवढी दातेरी चक्री होती, ती त्यानं बघितलीच नव्हती; मागची चक्री जेवढी मोठी, तेवढा चढाला पाय हलका. फेरा झाला आणि कणसेची सायकल सारिकाच्या सायकलपेक्षा वीतभर जास्त पुढं गेली.

“भाऊ, हा चढ चढायला एकच गियर लागतो,” सारिका म्हणाली, “आणि तो तुमच्या सत्तावीसांत नाही.”

माणसं खदखदून हसली. सारिकाला घ्यावंच लागलं, आणि पोरीनं पाय न टेकता घाट मारला.

माझ्या निवडीला डबडं म्हणणाऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही. नाव लिहून ठेवा: दौलतराव कणसे.