माळावरची शेपटीमोजणी

परवापरवापर्यंत एक जंगल होतं. अजूनही आहे, पण आता त्याला नुसतं जंगल म्हटलेलं चालत नाही. ‘सर्वांत वेगाने वाढणारं जंगल’ असं पूर्ण नाव घ्यावं लागतं. नाही घेतलं तर माकडं वरून फणसाच्या आठळ्या मारतात.

या जंगलात एक टेकडी होती आणि टेकडीवर वड होता. वडाखाली सिंह महाराज, त्यांचे मंत्री आणि मंत्र्यांच्या ओळखीचे लोक राहत. पायथ्याशी माळ होता. तिथे उरलेले राहत. उरलेले संख्येने बरेच होते, पण उरलेल्यांना उरलेलेच म्हणायची पद्धत आहे. बोरं, मध आणि कंद माळावरून वर जायचे, आणि सणासुदीला वरून खाली शुभेच्छा यायच्या.

मी खार. नाव झुबकी. जन्म माळावरच्या बाभळीवरचा, मुक्काम सध्या वडावर. मी वर कशी पोचले हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमच्याकडे कुठलाही निर्णय शेपटीने होतो. मान्य असेल त्याने शेपटी वर करायची, नसेल त्याने खाली ठेवायची. खारीची शेपटी जन्मतःच वर असते. त्यामुळे मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला मान्यता देत आले आणि कोणाच्या तरी ते लक्षात आलं. मला सरकारी शेपटीमोजणीदार नेमलं. गुणवत्तेवर, असं आई माळावर सगळ्यांना सांगते.

त्या उन्हाळ्यात समुद्रापलीकडून एक पाणघोडा पाहुणा यायचा होता. महाराजांना वाटलं, पाहुण्याला कारंजं दाखवावं. बारा हत्ती गोल उभे राहून सोंडेने पाणी उडवतील, अशी योजना ठरली. पाणी मात्र टेकडीवर नव्हतं. ते माळावरच्या तळ्यात होतं, आणि ज्येष्ठापर्यंत टिकणारं ते एकच तळं होतं.

कायदा कडक होता. ज्यांचं पाणी न्यायचं, त्यांच्या शेपट्या मोजल्याशिवाय थेंबाला सोंड लावायची नाही. म्हणून विकासमंत्री कोल्हा मला घेऊन माळाकडे निघाला.

“तुम्ही इथल्याच ना?” उतरताना त्याने विचारलं. “सभा किती वाजता ठेवावी?”

आता खरं सांगते. सकाळी ठेवा, असं मी म्हणू शकले असते. माळावर वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं की टळटळीत दुपारी तळ्याकाठी गोमाश्या उठतात, आणि गोमाशी चावली की शेपटी कुणाच्या बापाची नसते. मी म्हणाले, “दुपारी ठेवा, साहेब.” मला त्या वेळी वडावरची पूर्वेकडची ढोली हवी होती.

बाभळीखाली सभा भरली. म्हशी, गाढवं, शेळ्या, रोही, सगळे आले. पुढे काजळीमावशी बसली होती. ही म्हैस आमच्या बाभळीची शेजारीण. लहानपणी मी तिच्या पाठीवर बसून हे तळं ओलांडायचे. तिने मला पाहिलं आणि कान हलवला.

कोल्हा उंचवट्यावर चढला. “माळवासी बंधूंनो आणि भगिनींनो! आज जंगल धावतंय! आजवर तुम्ही पाणी कसं प्यायलात? मान खाली घालून! आपल्याच तळ्यावर, मान खाली! कारंज्याचं पाणी मान वर करून प्यायचं असतं. याला म्हणतात स्वाभिमान!”

गाढवांनी खूर आपटले. त्यांना भाषण आवडतं.

काजळीमावशी उठली. “सायब, पर कारंजं टेकडीवर. आमी प्यायचं काय?”

“मावशी, वर भरलं की खाली झिरपतं. हे शास्त्र आहे.”

“आवो पर ते आत्ता खालीच हाय की! मंग वर कशाला न्यायचं?”

“झिरपवण्यासाठी,” कोल्हा म्हणाला.

“दहा आकडे मोजले जातील,” त्याने जाहीर केलं. “विरोध असेल त्याने दहापर्यंत शेपटी खाली ठेवावी. मोजणीदार, सुरू करा.”

सगळ्या शेपट्या खाली गेल्या. मी एक म्हटलं. दोन म्हटलं. तीनला पहिली गोमाशी आली आणि तिच्यामागून सगळं खानदान आलं. चारला शेळ्यांच्या शेपट्या उडाल्या. सहाला गाढवं गेली. सातला रोह्यांनी उभ्या उभ्या पाठिंबा दिला. आठपर्यंत एकट्या काजळीमावशीची शेपटी खाली होती. तिच्या पाठीवर माश्यांचा थर बसला होता, रक्ताचा ओघळ पोटावर उतरला होता, पण शेपटी जागची हलली नव्हती. ती एकटक माझ्याकडे पाहत होती.

मी नऊ म्हटलं. कोल्ह्याने घसा खाकरला.

मी म्हणाले, “साडेनऊ.”

मग मी म्हणाले, “पावणेदहा.”

आणि काजळीमावशीची शेपटी उठली.

“एकमताने मंजूर!” कोल्हा ओरडला.

सभा पांगताना ती माझ्याजवळ थांबली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. “झुबके,” ती म्हणाली, “पावनेधा कंच्या शाळंत शिकलीस गं?”

मला पूर्वेकडची ढोली मिळाली. कारंजं तिथून छान दिसतं.

हत्ती रोज खाली जायचे, सोंडा भरायचे, वर यायचे आणि उडवायचे. पाणघोडा आला, दोन घटका भिजला, छान म्हणाला आणि गेला. कारंजं मात्र राहिलं, कारण टेकडीवरच्यांना त्याची सवय झाली. पंधरवड्यात तळ्याचा तळ दिसला. महिन्यात त्याला भेगा पडल्या. मग माळावरचे एकेक करून टेकडीवर आले. काजळीमावशी आली आणि वडाभोवतीच्या नव्या पायऱ्यांसाठी दगड वाहू लागली. कारंज्याला तोंड लावायची तिला परवानगी नव्हती. पण उडालेलं पाणी पायऱ्यांवरून ओघळत तिसऱ्या पायरीपर्यंत यायचं. ते मजुरांनी चाटायचं, असा दयाळू हुकूम निघाला. कोल्ह्याने सगळ्यांना बोलावून दाखवलं, “बघा! झिरपलं की नाही?”

महाराजांनी माळाचा अहवाल मागवला. मी जाऊन पाहून आले आणि लिहिलं, ‘माळावर तहानलेला प्राणी: एकही नाही.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माळावर प्राणीच नव्हता. महाराजांनी तहान निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं आणि मला एक अक्रोड दिला. वाईट याचं वाटतं की तो मला गोड लागला.

आभाळ भरून आलं तेव्हा काजळीमावशी माझ्या ढोलीखाली येऊन उभी राहिली. “पाऊस पडला की तळं भरंल, झुबके. आता तरी हत्ती खाली धाडू नगा म्हनावं. आमाला घरी जायचंय.”

मी अर्ज लिहिला. तेवढा खारीचा वाटा मी उचलला. कोल्ह्याने अर्ज वाचला आणि उलटाच ठराव काढला: तळं कायमचं कारंज्याला द्यावं. सभा पायऱ्यांवर. वेळ दुपारची.

या वेळी माळकरी तयारीने आले. प्रत्येकाने आपली शेपटी वेलीने मागच्या पायाला करकचून बांधली होती. चावा काय चावायचं ते! मला इतका आनंद झाला की ढोलीतून पडायची राहिले.

कोल्ह्याने बांधलेल्या शेपट्या पाहिल्या. त्याच्या मिशीचा केसही हलला नाही. “शेपटी ही मागास पद्धत आहे,” तो म्हणाला. “वाढत्या जंगलाला पुढचं अंग हवं. यापुढे मत मानेने. मान्य असेल त्याने मान खाली करावी.” आणि त्याने हत्तींना खूण केली.

सभेसाठी म्हणून सकाळपासून पायऱ्यांवर चाटायला बंदी होती. पाणी उडालं, ओघळलं, तिसऱ्या पायरीवर आलं. शेळ्यांच्या माना खाली गेल्या. गाढवांच्या गेल्या. रोह्यांच्या गेल्या. मी त्यांना दोष देणार नाही, मी रोज पोटभर पिते.

काजळीमावशीची मान वर होती. तिची जीभ कोरडी पडून बाहेर आली होती, पाणी तिच्या खुरांमधून वाहत होतं, आणि ती पुन्हा माझ्याकडेच पाहत होती. मी मोजलं. आठ. नऊ. कोल्ह्याने घसा खाकरला. एकदा खाकरला, दोनदा खाकरला.

“दहा,” मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी वहीत ‘विरोधात: एक’ असं लिहिलं. लिहिताना मला वर पाहवलं नाही.

“विरोधात एक, बाजूने बाकी सगळे,” कोल्हा म्हणाला. मग त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. “आणि मोजणीदारबाई, तुमचीही मान खालीच आहे. तीही मोजा.”

मी सांगितलं की साहेब, ही शरमेने खाली गेली आहे. त्याने नमुना तपासला. तसा रकाना नव्हता. मी माझी मान बाजूने धरली, आणि त्या वर्षी जंगल आणखी वेगाने वाढलं.