उलट्या शंखाची डावरी

पाल्यापाचोळ्यालाही वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. करवंदीच्या जाळीत गोगलगायींची मोठी भावकी नांदत होती. सगळ्यांच्या शंखांचे वेढे उजवीकडे वळलेले, एकट्या डावरीचे तेवढे डावीकडे. म्हणून तिला ना पंगतीत जागा, ना कुठून सोयरीक.

"आजोबा, मीही तुमच्यासारखंच शेवाळ खाते. मग माझं चुकलं काय?" तिनं भावकीतल्या थोरल्या शंखोजीला विचारलं.

"जन्मच उलटा घेतलास, पोरी! तू पंगतीत बसलीस तर घात होईल."

एकदा भर पंगतीत साप शिरला. उजवे शंख खाऊन खाऊन त्याचा जबडा उजव्या वेढ्यांनाच बसेल असा घडला होता. त्यानं रांगेनं एकेकाला गिळलं; टोकाला बसलेला शंखोजी तेवढा उरला. लांब बसलेल्या डावरीलाही धरलं, पण तिचा शंख तीनदा जबड्यातून निसटला. वैतागून त्यानं तिला थुंकून दिलं आणि तो शंखोजीकडे वळला.

"आजोबा, माझ्या आडोशाला या!" डावरी कळवळून ओरडली.

"तुझ्या? भावकी काय म्हणेल?"

भावकी तोवर सापाच्या पोटात पोचली होती.

अर्धा जबड्यात गेलेला शंखोजी डावरीकडे शिंग रोखून समाधानानं म्हणाला, "मी सांगत नव्हतो? हिला सापानंसुद्धा टाकलं!"