वाघ नसतानाची वर्दी

फार पूर्वी एका रानात पाणवठ्यावर वाघ दिसला की टिटवी ओरडे. तिचं ऐकून वानर खेकसे, वानराचं ऐकून मोर केकाटे आणि दरीतली हरणं पळत. तरी एकदा वाघाने हरिणीचं पाडस नेलं.

“माझा आवाज खणखणीत आहे,” तिघेही म्हणाले.

“असेलही,” हरिणी म्हणाली. “वाघ लांब आहे तोवर एकदा वर्दी देऊन बघू.”

टिटवी ओरडली, वानर खेकसला. मोर मात्र दाणे टिपत राहिला. वाऱ्यामुळे त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

खजील झालेला वानर मोराजवळच्या झाडावर राहायला गेला.

“आता काळजी मिटली,” मोर म्हणाला.

“वानर टिटवीपासून लांब गेलाय,” हरिणी म्हणाली. “पुन्हा पहिल्यापासून बघू.”